चारशे सतरा नंबरचं औषध

पुणे
८ सप्टेंबर १९८५

ती. आलोशियसमामा यांस,
सा. न. वि. वि.

आज मारियेच्या जन्माचा सण आणि मी इथे पुण्यात. आईचं पत्र आलं, त्यात नंदाखालच्या चर्चमधल्या मिसेचं वर्णन दोन ओळींत आणि माझ्यावरचा राग दोन पानं. तिची समजूत आता तुम्हीच घाला. तुमच्या शब्दामुळे मी या औषध कंपनीत लागलो, तेव्हा भावानं बहिणीचे चार बोल ऐकून घ्यायला हरकत नाही.

पण आज मुद्दाम लिहितोय ते दुसऱ्या कारणानं. अंधेरीच्या प्रयोगशाळेतली सगळी जुनी रजिस्टरं आमच्या नव्या कॉम्प्युटर विभागात आली होती ना, ती चार महिने खपून मशीनमध्ये भरून झाली. तीन मुली टाईप करत होत्या. कुठल्या खुणेला काय टाईप करायचं याचे नियम मी बसवले. मशीनची खोली बर्फासारखी थंड असते आणि आत चपला घालून जायची बंदी आहे. देवळातही आपण इतके सोवळे नसतो!

तर गेल्या आठवड्यात आम्ही मशीनला विचारलं, की सांधेदुखीवर आजवर तपासलेल्या औषधांत सर्वांत गुणकारी कुठलं. माणसाला वर्ष लागलं असतं. त्यानं दुपारच्या चहाच्या आत उत्तर दिलं. चारशे सतरा नंबर. १९७४ साली तुमच्याच टेबलावर तपासलेलं आणि नंतर कुणीतरी फडताळात टाकून दिलेलं. आमचे साहेब डॉ. सबनीस इतके खूश आहेत, की जुने आकडे तयार असताना उंदरांवर नव्यानं प्रयोग कशाला, असं म्हणून त्यांनी थेट माणसांना गोळ्या द्यायचं ठरवलंय. सहा जानेवारीला इथल्या एका इस्पितळात सुरुवात.

आता खरी बातमी. हेलनमामींच्या बोटांचं दुखणं मी साहेबांना सांगितलं आणि त्यांनी मामींचं नाव यादीत घातलं. चौथं नाव. तुमच्याच हातचं औषध तुमच्याच घरात गुण देणार, मामा!

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमचा भाचा,
कॉन्रॅड


गिरीज, वसई
१७ सप्टेंबर १९८५

चि. कॉन्रॅड यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. तुझी मामी केळीच्या बागेत होती म्हणून बरं, नाहीतर तिच्यासमोर माझ्या तोंडून काय काय निघालं असतं.

चारशे सतरा? तुम्हा लोकांना वेड लागलंय का? त्या औषधानं माझे उंदीर मेले रे! बत्तीस उंदीर होते, त्यातले एकोणीस मेले. आधी नाकातून रक्त, मग मागचे पाय ओढत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, आणि दुसऱ्या दिवशी गार. मी त्यांना हातानं उचललंय. एकतीस वर्षं तेच काम केलं. हजारो उंदीर विसरलो असेन, हे एकोणीस विसरलो नाही. ज्या साहेबांनी ते औषध बनवलं होतं ते अमेरिकेला निघून गेले आणि जाताना अहवालात एवढंच लिहून गेले, की पुढे चालवू नये. का चालवू नये ते रजिस्टरात माझ्या हातानं लिहिलेलं आहे.

आणि तुझ्या मशीनला ते गुणकारी दिसलं. उंदीर मेला की त्याचे सांधे दुखत नाहीत, हे खरंच आहे म्हणा.

जुने आकडे आहेत म्हणून नवे प्रयोग नकोत, हे कुणाचं डोकं? आम्ही एक गोष्ट तीनतीनदा करायचो, आणि तिसऱ्यांदाही आकडे पुन्हा मोजून बघायचो. तुम्ही चपला बाहेर काढता, आणि अक्कलही तिथेच ठेवून आत जाता असं दिसतं.

स्वतः ऊठ, माझं रजिस्टर काढ आणि डोळ्यांनी वाच. मुलींना सांगू नकोस, मशीनला विचारू नकोस. आणि हेलनचं नाव त्या यादीतून आजच्या आज काढ. घरात मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तुझ्या आईची, पॉलिनची समजूत घातली. तिनं मला मासळीचं कालवण वाढलं आणि शिव्या तुझ्यासाठी राखून ठेवल्या.

रागावलोय, तरी आशीर्वाद आहेत.

आलोशियसमामा


पुणे
२९ सप्टेंबर १९८५

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही. अक्कल बाहेर काढून ठेवणाऱ्या भाच्याला तुम्ही एवढं मोठं पत्र का लिहिलंत, हे कळलं नाही.

तरी तुमच्या शब्दाखातर मी चारशे सतराचा पूर्ण छापील कागद काढून पाहिला. एकेक उंदीर. नोंदी दोनदा तपासलेल्या आहेत, एका मुलीनं टाईप केलं आणि दुसरीनं ताडून पाहिलं. तुम्हाला आकडा हवा ना? बत्तीसपैकी एकोणीस उंदरांपुढे अधिकचं चिन्ह आहे, म्हणजे एकोणिसांना गुण आला. एकोणीस, मामा! तुमचाच आकडा. तुमची स्मरणशक्ती दांडगी आहे, ती आकडा विसरली नाही. फक्त ते एकोणीस बरे झाले की मेले, एवढंच अकरा वर्षांत उलटंपालटं झालं. वयाप्रमाणे व्हायचंच.

रागावू नका, पण एक बोलतो. तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी अंधेरीत नवं मोजणीचं यंत्र आलं होतं, तेव्हाही तुम्ही महिनाभर त्याच्याकडे पाठ करून बसला होतात. आईनंच सांगितलंय. यंत्राचा राग तुम्ही मामींच्या बोटांवर का काढता? त्यांना भाकरी थापता येत नाही, पेल्याला दोन्ही हात लावावे लागतात. बरं होण्याची संधी दारात आली आणि तुम्ही दार लावून घेताय.

मी नाव काढणार नाही. मामींनी स्वतः सांगितलं तरच काढीन, आणि तसं मी त्यांना आजच वेगळ्या पत्रानं कळवतोय. दुखणं त्यांचं, तर निर्णयही त्यांचाच.

तब्येतीस जपावे. लोभ कमी झाला असल्यास कळवावे.

कॉन्रॅड


गिरीज
१० नोव्हेंबर १९८५

प्रिय कॉन्रॅड,
तुला आणि तुझ्या खोलीतल्या मित्रांना मामीचे आशीर्वाद.

पत्राला महिना लागला, कारण एका बसणीला चार ओळींच्या वर हात चालत नाही. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, पण मजकूर माझाच आहे.

तुम्ही मामा-भाचे मिळून मला काय समजता? एकानं मला न विचारता नाव घातलं. दुसऱ्यानं मला न सांगता ते काढायला सांगितलं. मी काय पिंजऱ्यातला उंदीर आहे? तुझं पत्र आल्यावर मी ह्यांना जाब विचारला, तेव्हापासून घरात रोज भांडण. ते म्हणतात गोळी घेतलीस तर मरशील. मी म्हटलं, सकाळी उठून वेणी घालता येत नाही, लेकीच्या बाळाला कडेवर घेता येत नाही, जपमाळेचा मणी बोटांत धरवत नाही, ह्याला तुम्ही जगणं म्हणता? तर म्हणे मी भरवतो तुला. एवढा चांगुलपणा मला सोसत नाही.

तेव्हा माझं नाव राहू दे. मी येणार. पाच जानेवारीला शेजारच्या हिल्डाबरोबर निघेन, ह्यांना सांगीन की तिच्या नणंदेकडे चाललेय. खोटं बोलण्याचं पाप मी कुमसाराला फादरांना सांगून मोकळी होईन.

पण ह्यांच्यावर तू उगाच तोंड टाकू नकोस. तुझ्या त्या पत्रानंतर दोन दिवस जेवले नाहीत. ते उंदीर म्हणजे त्यांना घरच्या माणसांसारखे होते रे. लग्न झालं त्या वर्षी मला एकदा अंधेरीला घेऊन गेले आणि मोठ्या कौतुकानं रजिस्टर दाखवलं. तर मेलेल्या उंदरांच्या नंबरापुढे ह्यांनी क्रूस काढलेले! आपल्याकडे मयताच्या नावापुढे काढतात तसे. मला हसू फुटलं, तर माझ्यावरच तापले. म्हणाले, जीव गेला तर दुसरी कुठली खूण करू? असला माणूस. ह्याच्याशी भांडून मी थकले, पण तू भांडायचं नाहीस. मानानं धाकटा आहेस.

थंडीचं अंगावर घेत जा. सुकेळी पाठवतेय, एकट्यानं खाऊ नकोस.

तुझी,
हेलनमामी


पुणे
२३ नोव्हेंबर १९८५

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मामींचं पत्र शुक्रवारी आलं. त्यातली एक ओळ वाचून मी तसाच उठलो, कोठीखोलीत गेलो आणि तुमचं अकरा नंबरचं रजिस्टर काढलं. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही हेच सांगितलं होतं.

पान त्र्याऐंशी. एकोणीस क्रूस आहेत. उभी रेघ लांब, आडवी आखूड आणि जरा वर. एकही घाईत काढलेला नाही. ज्यांची सूज उतरली त्यांच्यापुढे तुम्ही बरोबरची खूण केली आहे, आणि असे फक्त पाच आहेत. प्रेमलता नावाची मुलगी हे पान टाईप करत होती. तिनं मला तेव्हा विचारलं होतं, की सर, इथे दोन तऱ्हेच्या खुणा आहेत, काय करू. मी पान न बघताच सांगितलं, की अधिकची असेल ती गुण आल्याची, तेवढीच टाक, दुसरी नुसती तपासल्याची असेल, ती सोडून दे. तिची काही चूक नाही. ती देशावरची हिंदू पोर, तिला ते बेरजेचं चिन्ह वाटलं. मी गिरीजच्या शाळेत शिकलो, आजोबांच्या थडग्यावर दर नोव्हेंबरात मेणबत्त्या लावत आलो, आणि मला वाकून पान बघावंसं वाटलं नाही. वर तुमचं वय काढलं. मामा, मला माझीच किळस आली आहे.

तसाच रजिस्टर घेऊन डॉ. सबनिसांकडे गेलो. त्यांनी पान पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, की फेब्रुवारीत मशीनचं उद्घाटन आहे, दिल्लीहून मोठी माणसं येणार आहेत, तेव्हा मशीन किंवा हा विभाग चुकला असं कुठल्याही कागदावर येणार नाही. समिती नेमता येईल, पण ती मार्चमध्ये बसेल. मी म्हटलं, गोळ्या सहा जानेवारीला सुरू होतायत. तर ते म्हणाले, की जुन्या कर्मचाऱ्यानं स्वतः लिहून दिलं, की आपण निष्काळजीपणे मनाची खूण वापरली आणि त्यामुळे नोंद करणाऱ्यांची दिशाभूल झाली, तर आपण चारशे सतरा त्याच दिवशी मागे घेऊ.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! अंधेरीत नव्या मुलांना अजून तुमचं रजिस्टर नमुना म्हणून दाखवतात. ते काढून टाकतील आणि त्या जागी तुमची कबुली लावतील. तुम्ही सही करायची नाही. मी राजीनामा लिहून ठेवलाय. तो तोंडावर फेकतो आणि वर्तमानपत्रवाल्यांकडे जातो. कुणी छापेल का, सहा तारखेच्या आत छापेल का, माहीत नाही. यादीत चाळीस नावं आहेत. मामींना तुम्हीच सांगा, मला लिहायचं धैर्य नाही.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.

कॉन्रॅड


गिरीज
१ डिसेंबर १९८५

चि. कॉन्रॅड यास,
आशीर्वाद.

सोबत कबुली आहे. साहेबानं सांगितलं तसंच लिहिलंय, त्याच्याच शब्दांत. निष्काळजीपणे, मनाची खूण, दिशाभूल. सही केली आहे, तारीख घातली आहे. रजिस्टरात एकतीस वर्षांत एक खाडाखोड केली नाही, पण ह्या चार ओळींपायी माझे तीन कागद वाया गेले. प्रत्येक वेळी निष्काळजी ह्या शब्दाशी हात अडायचा. चौथा कागद तुझ्या मामीनं समोर ठेवला आणि माझ्या शेजारी बसून राहिली.

वर्तमानपत्राकडे जाऊन तू शहीद होशील आणि चाळीस माणसं सहा तारखेला गोळी गिळतील. माझं नाव त्या चाळीस माणसांहून मोठं नाही. पण लहानही नाही, आणि हा कागद नेऊन देताना हे तू लक्षात ठेव. त्या सबनिसाच्या हातात स्वतः दे. त्याची पोच घे. चारशे सतरा मागे घेतल्याचा हुकूम डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याच्या खोलीतून हलू नकोस.

हेलनला सगळं सांगितलं. माझं नाव खराब झालं म्हणून ती रडली नाही, गोळी गेली म्हणून रडली. मला त्याचा राग आला नाही. बोटं तिची आहेत. आज सकाळी मी तिची वेणी घातली. वाकडी झाली, म्हणून तिनं माझा उद्धार केला. मिसेला तशीच गेली.

आता तुझ्याविषयी. तुला मी माफ केलेलं नाही. वयावरून बोललास ते मी गिळेन, तेवढं खरंही असेल. पण पोरीनं विचारलं आणि तू पान बघितलं नाहीस, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. आणि राजीनामा? फाडून टाक तो. राजीनामा देऊन तू सुटशील. अरे शहाण्या, क्रूस मी एकाच पानावर काढले का? एकतीस वर्षं काढले! शेकडो औषधं आहेत त्या रजिस्टरांत, आणि त्यातला प्रत्येक मेलेला उंदीर तुझ्या त्या थंड खोलीत बरा होऊन बसलाय. उद्या तुझा साहेब पुन्हा चहाच्या आधी मशीनला विचारील, आणि ते दुसरा नंबर सांगेल. तेव्हा तिथे कोण असणार आहे?

नऊ तारखेला सोमवारी मी पुण्याला येतोय. राहायची सोय तुझ्या खोलीवर कर. साहेबाला सांग, निष्काळजी कर्मचारी आपली चूक निस्तरायला येतोय, त्याला नाही म्हणता येणार नाही. एक नंबरच्या रजिस्टरापासून सुरुवात करायची. मी एकेक ओळ वाचीन, तू टाईप करशील. त्या पोरीलाही बसव, तिनं विचारलं तरी होतं. आणि मी वाचत असताना मध्ये एक शब्द बोललास, तर साहेबाच्या देखत थोबाडीत देईन.

लोभ आहे. तो वाढवायचा की नाही, ते शेवटचं रजिस्टर मिटल्यावर सांगीन.

आलोशियसमामा