पहिला पीस ओके

काका, आज शनिवार, तारीख अठरा, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झालीत, आणि मी पुनावळ्याच्या खोलीत स्टिकर कापत बसलोय. कागद हलू नये म्हणून आपल्या लाइनवरचा एक ब्रॅकेट वर वजनाला ठेवलाय. एकशे बारा कापून झाले, नऊ बाद केले. माझ्याबरोबर खोलीत राहणारा मित्र म्हणाला, "भावा, अर्धा मिलिमीटर कोण बघतंय?" मी त्याला तुमच्याबद्दल सांगायला लागलो, तर तो टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. म्हणून तुम्हालाच लिहितो.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा आधी माझा धंदा सांगायला हवा. मी कॉमिक काढतो. पुस्तकात नाही, फोनवर. दर गुरुवारी चार चौकटी. गुरुवारी आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी असते आणि चाकणपासून भोसरीपर्यंत माणसं गादीवर लोळत फोन बघतात. माझ्या गोष्टीत पत्रा दाबायचा दोनशे टनांचा एक प्रेस आहे, त्याला ॲसिडिटी आहे, आणि त्याच्यापुढे उभा एक ट्रेनी आहे, तो सगळ्यालाच घाबरतो. ट्रेनी कुणावरून घेतला ते तुम्हाला सांगायला नको. एकोणीस वाचक दरमहा पन्नास-पन्नास रुपये पाठवतात, बाकी स्टिकरवर. पोटासाठी दुसरी शिफ्ट अजून आहेच.

आधी अक्षरं लिहितो, मग उरलेल्या जागेत माणसं बसवतो, नाहीतर माणूस ऐसपैस बसतो आणि त्याच्या बोलण्याला जागाच राहत नाही. अक्षर हातानं काढतो. टाइप केलं की प्रेससुद्धा नोटीस लावल्यासारखा बोलतो. ऱ्हस्व-दीर्घ शब्दकोशात बघतो. माझी दहावी राहिली ती गणितात, वेलांटीत नाही. शेवटी मित्राचा फोन मागून घेतो. त्याची काच तीन ठिकाणी तडकली आहे. त्या तड्यांतून वाचता आलं तर पास. तो नवा फोन घेऊ म्हणतो, मी त्याला दर वेळी परावृत्त करतो.

पण पहिली चौकट ओके झाल्याशिवाय दुसरी काढायला हात उचलत नाही. ही तुमची सवय. शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस तुम्ही मापायचा, त्याला सहीचा टॅग लावायचा, आणि मगच मशीन चालू व्हायचं. गॉगल कपाळावर, मापायचा वर्नियर डाव्या हातात. उजव्या हाताची दोन बोटं प्रेसनं नेलेली, म्हणून तो हात खिशात. आपल्या प्रेस शॉपमध्ये कुणाचं ना कुणाचं काहीतरी गेलेलंच होतं, त्यामुळे कुणी निरखून बघायचं नाही.

त्या दिवशी तुम्ही चहाला गेला होतात आणि सुपरवायझर माझ्या मागे उभा राहून घड्याळ बघत होता. मी कोरा टॅग घेतला आणि तुमची सही ठोकली. खरं सांगायचं तर सही इतकी हुबेहूब आली की मी घाबरायच्या आधी खूष झालो. तुम्ही परत आलात तेव्हा ब्रॅकेटचे एकशे चाळीस पीस पडले होते.

"मी मापला व्हय ह्यो?"

मी टॅगवर हात ठेवला.

"मग सही कुणी केली? सही म्हंजे काय रं? सही म्हंजे मी इथं हुतो."

मग जेवणाची सुट्टी बुडवून तुम्ही मला एकशे चाळीस पीस मापायला लावलेत. सगळे चांगले निघाले. मला वाटलं, सुटलो. तुम्ही म्हणालात, "पीस चांगले हायेत. तू न्हाईस."

तक्रार मात्र वर केली नाहीत. आठवड्यानं मला टॅगच्या मागे चित्र काढताना पाहिलंत आणि जुन्या नमुन्याच्या टॅगचा एक गठ्ठा हातावर ठेवलात. "कंपनी फेकणार हाय. घे, हिकडं काय ती चित्रं काढ." वरच्या काही टॅगांवर सही आधीच होती. मला वाटलं, चुकून केली असेल. माझी चौकट अजून त्या टॅगच्याच मापाची असते, आणि पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यात हिरवी खूण आणि तुमची सही. वाचकांना ती माझी वाटते. तिचाच स्टिकर केला, 'पहिला पीस ओके'. हेल्मेटवर लावतात, डब्यावर लावतात. एकानं पाळण्याला लावला, पहिलंच मूल होतं म्हणून.

तर मंगळवारी स्टिकरवरच्या नंबरावर फोन आला. "व्हय, मी तळवड्यावरनं बोलतीय. गॅसवाल्याच्या टेम्पोवर आमच्या ह्यांची सही हाय. ती तुझ्याकडं कशी आली?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "काकू, मी येऊन सांगतो."

"न्हाई, मीच येती. कुठं बनवतोस ते बघू दे."

उद्या पुण्यात आमच्यासारख्या कॉमिकवाल्यांचा बाजार आहे. टेबलाचे पैसे भरलेले, तीनशे स्टिकर छापलेले. मला वाटलं, काकू नको म्हणाल्या तर टेबलावर ठेवायला काही नाही, आणि त्या सहीशिवाय पुढची गोष्टही नाही. बुधवारी मी खोली तीनदा झाडली.

गुरुवारी सकाळी काकू दोन बस बदलून आल्या. पाणी प्यायल्या, चष्मा लावला, स्टिकर खिडकीजवळ नेला.

"ही ह्यांची न्हाईच."

मी कटर खाली ठेवला.

"ही माझी हाय." त्यांनी माझं पेन घेतलं आणि बाद स्टिकरवर सरकन तीच सही केली, तीच शेपटी. "बोटं गेल्यावर ह्यांना पेन कुठला धरता यायचा? कंपनीला कळलं असतं तर गेटवर बसवलं असतं. दर गुरुवारी वाटाणे सोलता सोलता शंभर टॅग करून द्यायची मी. मापं मातुर त्येच घ्यायचे हां."

काका, मी म्हटलं, "मग मला का ओरडले?"

काकू हसायला लागल्या. "अरं, मी स्वैपाकघरात बसून सही करायची, पर ह्ये मापायला हुते. तू ना मापलंस, ना इचारलंस. आता तरी मापतोस का?"

मी मित्राचा फुटका फोन पुढे केला. त्यांनी या आठवड्याचा भाग वाचला. तीन चौकटी चेहरा हलला नाही. चौथीत कॅन्टीनवाली बाई होती. काकू म्हणाल्या, "शंभर माणसाच्या भाजीला एवढीशी कढई? रिजेक्ट."

कढई बदलली तर बाईचं बोलणं कढईत जायला लागलं. सगळी चौकट नव्यानं काढली. भाग गुरुवारऐवजी शुक्रवारी गेला. वाचकांनी विचारलं, मशीन बंद आहे का?

निघताना त्यांनी भाव विचारला. दहा रुपयाला एक म्हटल्यावर म्हणाल्या, "त्यातला एक माझा. आन् पहिली चौकट आधी मला धाडायची."

हे पत्र त्यांच्याकडेच ठेवायला देणार होतो, पण त्या वाचतील आणि मोजतील. म्हणून टॅगांच्या गठ्ठ्यातच राहील.

खर्च: टेबल सहाशे, छपाई चौदाशे पन्नास, कटरची ब्लेडं साठ. एकूण दोन हजार एकशे दहा. देणं: छपाईवाल्याचे साडेचारशे, काकूंना विकलेल्या प्रत्येक स्टिकरमागे एक रुपया, आणि कंपनीला हा कागदावर ठेवलेला एक ब्रॅकेट. त्या दिवशी मी एकशे एकोणचाळीसच मापले होते, काका.