दुसरी सही

३ मार्च १९८८
नॉरफकला पोचलो. हँगर गावाबाहेर, चहा कडक, माणसं गोड. मुख्य मिस्त्री रेग टॅन्सली, आणि त्याची मुलगी थेल्मा वैमानिक. त्यांनी १९४१चं एक लढाऊ विमान दलदलीतून काढलंय. बाकी विमान उभं झालंय, फक्त नियंत्रणाच्या दांड्या, साखळ्या, पेडलं गंजून पीठ झालीत. जुन्या आराखड्यांवरून मी ती हुबेहूब घडवायची. रेग म्हणाला, अरे डेन्झिल, हात बरा दिसतोय तुझा, तोंड कमी चालव म्हणजे झालं. कित्येक महिन्यांनी मोकळा हसलो.

१९ मार्च
दांडी झाली. मूठ चौथ्या खेपेला मनासारखी जमली. साखळी दांडीच्या पोटातून जाते. दांडी डावीकडे कलली की डाव्या पंखाची झडप वर यायला हवी. साखळी उलटी बसली की सगळंच उलटं, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून आमच्या धंद्यात नियमच आहे: एकाने बसवायचं, दुसऱ्याने स्वतः बघायचं, कार्डावर दोघांच्या सह्या. थेल्मा म्हणाली, बाबांनी लग्नाच्या कागदावरसुद्धा भिंगातून बघून सही केली असेल. सगळे हसले. मी नाही.

२ एप्रिल
सकाळी साखळी उलटी. काल मीच सरळ बसवली होती, रेगने तपासली होती. त्याने शिव्या घातल्या. ऐकून घेतल्या, पुन्हा बसवली.

३ एप्रिल
परत उलटी. आणि एक नवं कार्ड. पहिल्या रकान्यात सही क्लाइव्ह हॉबडेची. ते तिरकं अक्षर मी कुठेही ओळखीन. दुसरा रकाना रिकामा. रेग म्हणाला, असल्या नावाचा इथे कुणी नाही, चेष्टा करायची तर पबात जाऊन कर.

४ एप्रिल
लिहूनच टाकतो. मागच्या नोकरीत क्लाइव्हने साखळी बसवली आणि म्हणाला, एकदा बघ रे. माझा चहा गरम होता. खुर्चीतूनच सही केली. वैमानिक साठ फुटांवरून उलटा कोसळला. चौकशीत मी शपथेवर सांगितलं, मी पाहिली तेव्हा साखळी सरळ होती. मागाहून क्लाइव्हनेच हात लावला असेल, असंही म्हणालो. नोव्हेंबरात त्याने जीव दिला. माझ्यासारखा नीच मीच.

८ एप्रिल
उद्या थेल्मा उडणार. साखळी मी बसवली, रेगने पाहिली, दोन्ही सह्या झाल्या. हँगरची किल्ली माझ्या उशाखाली.

९ एप्रिल, सकाळ
उलटी. नवं कार्ड, क्लाइव्हची सही, शाई ओली. रेग आणि थेल्मा बाहेर आहेत. आता सगळं सांगतो, चौकशीतलं खोटंसुद्धा. थुंकले तोंडावर तरी चालेल. ती उडता कामा नये.

उठतोच आहे—

विमान बाहेर ढकलतायत. रेग ओरडून म्हणतोय, एकदा बघ रे—

बघितलं, ठीक आहे, असं उत्तर गेलं. मी नाही दिलं. आवाज माझाच—

थेल्मा चढली. खुर्चीतून उठता येत नाही. समोर चहा. वाफ येतेय. मी केलेला नाही—

कार्ड रोजनिशीवर येऊन पडलंय. ओरडायचंय. इंजिन सुरू— हात माझा ऐकत नाही, तो सही कर