फुटलेल्या काचपट्ट्यांचा खुलासा

प्रति,
माननीय शिक्षण अधिकारी,
माध्यमिक विभाग,
शिक्षण कार्यालय.

अर्जदार : सहायक शिक्षिका (विज्ञान), उपनगरातील सरकारी माध्यमिक शाळा, बस आगारामागे.

विषय : प्रयोगशाळेतील काचपट्ट्या फुटल्याबाबत खुलासा, आणि त्याच कारणास्तव वार्षिक परीक्षेचे केंद्र आमच्या शाळेतून हलवण्याची विनंती.

संदर्भ : १) खुलासा मागणारे आपल्या कार्यालयाचे पत्र. २) कार्यालयाच्या संकेतस्थळावरील आमच्या शाळेची ‘ओळख’. ३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, अनुत्तरित.

महोदय,

१. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या चार काचपट्ट्या ‘मूळ प्रयोजन सोडून अन्यत्र वापरून’ का फोडण्यात आल्या, आणि ‘विद्यार्थ्यांच्या खोडसाळपणास आळा का घातला गेला नाही’, असे आपण विचारले आहे. पट्ट्या फुटल्याचे आपल्याला माझ्याच अर्जांवरून कळले असणार. तेव्हा ते तीनही अर्ज पोचले होते, एवढे समाधान मला या पत्राने दिले. अर्जांतली भिंत कोणाच्या नजरेत भरली नाही, काचा भरल्या.

२. पट्ट्या मी भिंतीला लावल्या. का लावल्या हे सांगायचे तर शाळेची थोडी ओळख द्यावी लागेल. संकेतस्थळावर आहे ती नव्हे.

आमची शाळा दोन वसाहतींच्या मधल्या जागेत आहे. ती बांधली तेव्हा आजूबाजूला मोकळी जमीन होती आणि तळमजला पुरत होता. वस्ती वाढली, मुले वाढली, तसा तळमजल्याच्या डोक्यावर आणखी एक मजला चढवला. पाया तोच राहिला. बसचालक, परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या बायका, दुकानांतले कामगार यांची मुले इथे येतात. घरी अभ्यासाला जागा नसते म्हणून बरीच मुले शाळा सुटल्यावरही बाकांवर रेंगाळतात. आगारातून बस निघाली की खिडक्यांची तावदाने वाजतात आणि शिकवणारा आपोआप आवाज चढवतो. शाळा वाईट नाही. मी तिथे आनंदाने शिकवते, हे नोंदवून ठेवते, कारण माझा हेतू शाळेची बदनामी करण्याचा असल्याचे आता बोलले जात आहे.

३. गेल्या वर्षी शाळेच्या मागून सांडपाण्याचा नळ टाकण्यासाठी चर खणला. त्यानंतर वरच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या भिंतीत भेग दिसू लागली. चरामुळे भेग पडली असे मी म्हणत नाही. एकामागून एक झाले, एवढेच म्हणते. भेग वाढते आहे की आहे तशीच आहे, हे रोज पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून मी गिलावा खरवडला आणि भेगेच्या दोन्ही काठांच्या विटांवर एक काचपट्टी आडवी बसवली. काच ताण सहन करत नाही. भिंत स्थिर असेल तर पट्टी वर्षानुवर्षे टिकते. केसभर सरकली तरी फुटते. सूक्ष्मदर्शकाखाली मुले या पट्ट्यांतून कांद्याचा पापुद्रा पाहतात. मी भिंत पाहिली. उपयोग माझ्या मते तोच आहे, जे डोळ्यांना दिसत नाही ते पाहण्याचा.

४. पहिली पट्टी काही महिने टिकली. दुसरी काही आठवडे. मुलांनी भेगेला ‘नदी’ असे नाव ठेवले आणि मला ‘मोजपट्टीबाई’. सकाळी फाटकातच विचारायची, ‘‘बाई, आज फुटली का हो?’’ पैजाही लागत. खोडसाळपणा म्हणायचा तर एवढाच.

माझ्या पहिल्या अर्जानंतर बांधकाम विभागाचे कनिष्ठ अभियंता येऊन गेले. त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली, कान लावला आणि म्हणाले, ‘‘बाई, भिंत बिघडली की बोलते. ही गप्प आहे.’’ चहा झाला. अहवालात ‘गिलाव्याची किरकोळ भेग’ असे आले. ज्या जागी भेग त्यांना दाखवली तिथे गिलावा नव्हताच. तो मी आधीच काढला होता.

५. तिसरी पट्टी माझ्यासमोर फुटली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, वरचे सगळे वर्ग एकदम जिन्याकडे धावले आणि टक् असा आवाज आला. भिंतीला कोणाचा हात लागलेला नव्हता. नववीतली एक मुलगी, जिचा बाक भिंतीला टेकून आहे, तिने विटांवर तळवा ठेवला आणि म्हणाली, ‘‘बाई, हिला धाप लागलीय.’’ वर्ग हसला. मला हसू आले नाही.

त्या दिवसापासून मी मुलांना एका ओळीत, पाय न आपटता, एकामागे एक उतरायला लावले. भीती दाखवली नाही; शिस्त म्हणून सांगितले. मुले गुणी आहेत, ऐकतात.

६. याच सुमारास शाळेची ‘ओळख’ भरण्याचे काम मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे दिले, कारण माझे अक्षर आणि आकडे चुकत नाहीत. इमारतीच्या रकान्यात मी भेगेविषयी दोन वाक्ये लिहिली. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, ओळख लिहायला सांगितलीय, पंचनामा नाही.’’ त्यांना दोष देत नाही. त्यांनी ही शाळा पोटच्या पोरीसारखी वाढवली आहे, आणि पोरीचे व्यंग चारचौघांत कोण सांगेल?

पुढे कळले की संगणकावर त्या रकान्यात लिहिता येतच नाही. ‘उत्तम’, ‘चांगली’, ‘समाधानकारक’ यांपैकी एक निवडावे लागते. रिकामे सोडले तर अर्ज पुढे सरकत नाही. शाळेचे लिपिक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते मुदतीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या रकान्यापाशी अडून बसले. शेवटी त्यांनी पहिला पर्याय निवडला, कारण तो पहिला होता. ‘ठळक वैशिष्ट्ये’ या शीर्षकाखाली तीन गोष्टी हव्या होत्या आणि दोनच सुचल्या होत्या. तिसरी म्हणून त्यांनी भाबडेपणाने लिहिले : ‘विद्यार्थी जिन्यावरून अत्यंत शिस्तीत, एका ओळीत ये-जा करतात.’

७. या ओळखीवरून, इमारत उत्तम व शिस्त अनुकरणीय म्हणून, आपल्या कार्यालयाने आमच्या शाळेला वार्षिक परीक्षेचे केंद्र केले. शेजारच्या तीन शाळांची मुले येणार आहेत, आणि तळमजल्यावर आमच्या खालच्या इयत्ता असल्याने त्यांची बैठक वरच्या मजल्यावर आहे. अशा रीतीने, भिंत जितकी खचेल तितके मुलांचे पाय जपून पडणार, आणि पाय जितके जपून पडतील तितकी जास्त मुले तिच्यावर येणार, अशी व्यवस्था झाली आहे. ती कोणी ठरवून केलेली नाही हे मला कळते.

माझा दुसरा अर्ज घेऊन मी कार्यालयात गेले तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी ओळख उघडून दाखवली. ‘‘मॅडम, इमारत उत्तम असं तुमच्याच शाळेनं लिहिलंय. उत्तम इमारतीची तपासणी कशी लावणार?’’ मी म्हटले, मग ती दुरुस्त करू द्या. त्यावर, ओळख वर्षातून एकदाच उघडते, आता पुढच्या वर्षी, असे उत्तर मिळाले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिले.

८. आमची मुले हळू उतरतात, कारण त्यांना सवय लावली आहे. तीन शाळांच्या पाहुण्या मुलांना ती नाही. शेवटच्या पेपरची शेवटची घंटा झाल्यावर कोणतेही मूल हळू चालत नाही. मीही चालले नव्हते. आपणही चालला नसाल.

९. आता चौथ्या पट्टीचा खुलासा, जो आपण विशेषत्वाने मागितला आहे. ती मागच्या जोडसुट्टीत फुटली, हे तिसऱ्या अर्जात कळवलेच आहे. शाळा बंद होती. फाटकाला कुलूप होते, चरही कधीच बुजवलेला होता. मूल नाही, घंटा नाही, धावणे नाही. सुट्टीनंतर पाहिले तर दोन तुकडे, आणि त्यांच्यामध्ये अंतर. म्हणजे भिंतीला आता मुलांचीही गरज उरलेली नाही. तेव्हा खोडसाळपणाचा मुद्दा निकाली काढावा.

१०. मी इमारतींची तज्ज्ञ नाही. भिंत कधी पडेल, पडेलच का, हे मला सांगता येत नाही. ती हलते आहे, आणि अधिक लवकर हलते आहे, एवढेच सिद्ध करता येते. मुख्याध्यापिकांनाही काल एवढेच सांगितले. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाल्या, ‘‘तुम्हाला काय करायचं ते करा. मी पाहिलं नाही.’’

त्यानुसार आज सकाळी मी वरचे वर्ग खाली आणले. दोन वर्ग प्रयोगशाळेत, एक वाचनालयात, बाकीचे मैदानाच्या कडेला भरले. जिन्याच्या तळाशी जाळीचे दार आहे, त्याला कुलूप लावले. शिपाईमामा म्हणाले, ‘‘बाई, नोकरीवर बेतेल.’’ मग दार नीट मिटत नव्हते म्हणून त्यांनीच ते दाबून धरले. कुलूप माझ्या घरचे आहे, साठ्यातले नाही. त्याचा खुलासा लागू नये.

११. तरी विनंती की, परीक्षेचे केंद्र तातडीने अन्यत्र न्यावे आणि भिंतीची तपासणी ती पाहू शकणाऱ्या माणसाकडून व्हावी. हे शक्य नसेल तर जिना उघडण्याचा निर्णय आपण घ्यावा. त्या कुलपाची किल्ली एकच आहे. ती या अर्जासोबत पाठवत आहे. माझ्याकडे असती तर कोणाच्या तरी आदेशावरून मला ती लावून दार उघडावे लागले असते.

आपण स्वतः यावे. वर जाताना सोबतची काचपट्टी न्यावी. साठ्यातली ती शेवटची आहे. ती भेगेवर आपल्या हाताने बसवावी आणि शेजारच्या बाकावर, जिथे ती नववीतली मुलगी बसत असे, थोडे दिवस बसून पाहावे. पट्टी टिकली, तर आपण म्हणाल तो खुलासा लिहून देईन. तोवर मुले खाली आहेत.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
सहायक शिक्षिका (विज्ञान)

दिनांक : ३ मार्च

सोबत :
१) फुटलेल्या काचपट्ट्या, चार, वेगवेगळ्या पाकिटांत. हाताळताना जपावे.
२) संकेतस्थळावरील ‘ओळखी’ची प्रत.
३) न फुटलेली काचपट्टी, एक.
४) जिन्याच्या दाराची किल्ली.