कडी गंजून पडली

३ नोव्हेंबर २०२४

लिही. भात झोडून झालं. पेंढा खळ्यात तसाच पडलाय, तो कोण रचणार ते त्या पेंढ्यालाच ठाऊक.

माझी सून विचारते, रोजनिशी म्हणजे रोज लिहायचं का? म्हटलं, नाहीतर काय वर्षातून एकदा? मला अक्षर येत नाही, पण तोंड येतं, आणि तोंडाला सुट्टी नसते. दुपारी जेवणं झाली की हिने वही घेऊन पडवीत बसायचं. मी बोलेन, ही लिहील. डोकं विसरायला लागलंय माझं, सगळं लिहून ठेवायला हवं — असं मी हिला सांगितलंय. काल काय जेवले तेसुद्धा आठवत नाही. कुळथाची पिठी होती, जरा खारटच.

हिचं नाव दर्शना. माझ्या सुहासची बायको. सुहास गेला यंदाच्या पावसात.

थांबली बघा. लिही गो. तो गेलाय ते कागदाला कळलं म्हणून काय होणार आहे?

४ नोव्हेंबर

दर्शनाच्या खोलीची कडी गंजून पडली. खारा वारा, दुसरं काय. सुताराला सांगते सांगते म्हणून राहून जातं. वयच झालं.

६ नोव्हेंबर

सखू आली होती. माझी चुलत जाव, शेजारचंच घर. आपला टोप मागायला. पाहुणे यायचेत म्हणे.

टोपांचं नीट लिहून ठेव. आमच्या वाडीत कुणी गेलं की त्या घरची चूल पेटू देत नाहीत. शेजारपाजार भात-कालवण घेऊन येतो, बसतो, वाढतो, रडतो, आणि घरी जाताना कोण खरं रडलं आणि कोण नुसतं नाक पुसत होतं यावर बोलतो. माझा म्हातारा गेला तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सुहासच्या वेळीही जेवण आलं, नाही म्हणणार नाही. पण टोप उंबऱ्यावर ठेवायचा आणि पळायचं! आम्ही काय मांजरं होतो? मग रिकामा टोप न्यायलाही कुणी फिरकलं नाही. आता अर्ध्या वाडीची भांडी माझ्या फडताळात. एखादं लग्न सहज निघेल.

सखूला म्हटलं, टोप देते, आधी बसून चहा पी. बसली — पायरीच्या कडेला, कोंबडी बसते तशी. हिच्याकडे न बघता म्हणाली, अटॅक यायचं वय तरी होतं का गो त्याचं! ही उठून आत गेली.

चहा मात्र सगळा प्यायली. साखर जास्त घातली होती मी मुद्दाम, लवकर संपू नये म्हणून.

८ नोव्हेंबर

दोन टोप आणखी गेले. एक दमयंतीचा. ती म्हणे कावीळ होती ना सुहासला? दुसरा लवूच्या घरचा. लवू टेम्पो चालवतो, सुहासचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या आईने मेंदूज्वर काढला. सखूचा अटॅक धरून माझा मुलगा एकाच वेळी तीन आजारांनी गेला. एवढे डॉक्टर तालुक्यात नाहीत.

मूळ अटॅक सखाराम भावजींचा. वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष. सुहास गेला त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं, विचारलं तर अटॅक सांगा, उद्या दीक्षाच्या लग्नात अडचण नको. दीक्षा माझी नात, सुहासची मुलगी. नववीत आहे! तिला अजून धड वेणी घालता येत नाही. पण माणसाने भल्यासाठीच केलं, म्हणून तेव्हा मीही मान हलवली.

१२ नोव्हेंबर

काल काही लिहिलं नाही. ही उठलीच नाही सकाळपासून. तोंड भिंतीकडे. मी पावट्याच्या शेंगा घेतल्या आणि हिच्या दारातच बसले सोलत. मध्येच म्हणाली, "आये, जा ना." म्हटलं, गुडघा धरलाय, उठता येत नाही. शेंगा संपल्या तेव्हा सोललेल्याच परत निवडल्या. संध्याकाळी दीक्षा आली शाळेतून, तिने मला हात दिला, तेव्हा कुठे माझा गुडघा सुटला.

आता पुढचं लिही. मला हिच्याबद्दल भीती वाटते.

लिही गो. थांबू नको. माझ्या डोळ्यांसमोर एक वावरत होता. हसत होता, बाजारातून बोंबील आणत होता, माझ्या म्हातारपणाची थट्टा करत होता. मी रोज बघत होते आणि मला दिसलं नाही. आता मी बघत बसणार. हिला आवडो न आवडो.

अक्षर वाकडं आलं म्हणते. येऊ दे. मला कुठे वाचायचंय?

१३ नोव्हेंबर

आज दीक्षा माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "आजी, पप्पांनी काय केलं ते मला माहितेय. शाळेत पहिल्याच आठवड्यात सांगितलं एकीने. आईला बोलू नको हां. तिला वाटतं मला माहीत नाही."

मी कबूल केलं, आईला बोलणार नाही. बोललेच नाही. लिहवलं फक्त.

१४ नोव्हेंबर

काल तेवढं लिहून झालं आणि ही वही टाकून आत गेली. दीक्षा आत अभ्यास करत होती. मी पडवीतच राहिले. दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी इथे सांगितलं नसतं. — हे खोटं. सांगितलं असतं.

रडल्या मात्र खूप. मग दीक्षा बाहेर येऊन म्हणाली, आजी, तू ना! आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. लागला नाही.

१५ नोव्हेंबर

लवूच्या हाती वाडीत निरोप धाडला. उरलेले टोप रविवारी मिळतील, खळ्यात. पण ज्याचा टोप, त्याने उभं राहून सुहासबद्दल काहीतरी सांगायचं. आजार सांगायचा नाही.

आमच्याकडे माणूस गेला की शोकसभा होते. त्रिसरण-पंचशील होतं, मग एकेक जण उठतो आणि गेलेल्याविषयी बोलतो. वाटेल त्याला मिळतं ते. ज्याने जन्मभर बांधावरून भांडण काढलं त्यालासुद्धा प्रेमळ स्वभावाचा म्हणतात. सुहासच्या वेळी नुसतं पंचशील झालं आणि सगळे चपला शोधायला लागले.

सखाराम भावजी धावत आले. म्हणाले, "वहिनी, असल्या मरणाला भाषणं नसतात."

मी म्हटलं, "मरणाला नकोतच, भावजी. सुहासला हवीत."

भावजी मग इकडचं तिकडचं बोलले. हिच्या खोलीच्या दाराकडे लक्ष गेलं, तर म्हणे उद्याच सुतार पाठवतो. म्हटलं राहू दे, घरात चोरण्यासारखी मी एकटीच.

त्यांचाही टोप आहे माझ्याकडे. सगळ्यांत मोठा.

१७ नोव्हेंबर

आज ही दमलीय, तरी लिहितेय. मी सांगितलं नव्हतं. स्वतः वही घेऊन आली.

लोक आले. पेंढा अजून तिथेच, त्यावरच बसले सगळे. आधी कुणी उठेना. सगळ्यांची नजर पडवीत मांडलेल्या टोपांवर. मग लवू उठला. सुहास मुंबईला होता तेव्हा सुट्टीला आला की वाडीच्या क्रिकेटला माईकवर बोलायचा, ते सांगायला लागला. एकदा चेंडू सखूच्या चुलीवरच्या पिठीत पडला. सुहासने माईकवर सांगितलं, फलंदाज बाद नाही, पण पिठी बाद आहे, सखूकाकूंनी कृपया नवीन टाकावी, खेळाडू उपाशी आहेत. लवूने आवाजसुद्धा त्याचाच काढला. सखू म्हणाली, मेल्याने चेंडू काढून वर बोटं चाटली होती माझ्या पिठीची.

खळं हसलं. आणि ही हसली. हीच! पदर तोंडात कोंबून, खांदे हलवून. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता उभी राहिली. मला वाटलं आत जातेय.

म्हणाली, "अटॅक नव्हता. सुहास आजारी होते, मनाने. झोप नव्हती त्यांना किती महिने. मला सांगायचे, काही नाही, कामाचा ताण आहे. आणि मी ते खरं मानलं. त्यांनी स्वतःच जीव दिला. तुम्हांला माहीत आहे. आता माझ्या तोंडून ऐकलंत."

दीक्षा जाऊन तिला चिकटली. आणि सखाराम भावजी — एवढा मोठा अध्यक्ष — उठले आणि बोलायलाच येईना. शेवटी एवढंच म्हणाले की गेल्या मे महिन्यात सुहास त्यांच्या पायरीवर येऊन बराच वेळ बसला होता, आणि हे त्याला मंडळाच्या सभेचं सांगत बसले. खाली बसले, डोळे पुसले.

मी त्यांचा टोप द्यायला गेले. म्हणाले, राहू दे वहिनी, उद्या न्यायला येतो. चहाला.

सखू तर टोप नेऊन बसली होती तरी आली. रिकाम्या हाताने नाही. पिठी घेऊन.

१९ नोव्हेंबर

हे मी लिहितेय, दर्शना. आये पडवीत झोपलीय, तोंड उघडं टाकून.

भातासाठी तांदूळ काढत होते. पिंपाच्या तळाशी फडक्याची गाठ लागली. आत माझ्या खोलीची कडी, स्क्रूसकट. गंजाचा ठिपकाही नाही.

परत तांदळात पुरून ठेवली. आये उठली की सांगणार आहे, सुताराची काही घाई नाही.