न चिकटलेला धागा

आई,
आधी नमस्कार, मग हवं तेवढं रागव.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोलीची खिडकीही आता नीट लागते. तुला झोप लागते का गं?

दादाने कळवलं, तू डॉक्टरांच्या केमोच्या पहिल्याच इंजेक्शनला नकार दिलास. म्हणालीस, "लेक औषध आणतेय." चूक माझीच. आमच्या प्रयोगशाळेतला अ‍ॅप्टामर, म्हणजे डीएनएचा बारीकसा धागा, कॅन्सरच्या पेशीला अचूक शोधून चिकटतो, अशी फुशारकी मीच फोनवर मारली. तो अजून औषध नाही. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील.

आम्ही असे लाखो धागे पेशींवर सोडतो आणि धुतो. जे सुटत नाहीत, तेवढेच ठेवतो. दादाने तुझ्या गाठीचा तुकडा पाठवला होता. त्यावर आमचा सगळ्यात चांगला धागा मी तीनदा लावून पाहिला. तिन्ही वेळा तो धुऊन गेला.

लहानपणी मी पदर सोडायची नाही म्हणून तू मला गोचीड म्हणायचीस. आता माझा पदर तू सोड. सोमवारी दादाबरोबर जा, इंजेक्शन घे.

मी येतेय, पण रिकाम्या हातांनी.

तुझी,
गोचीड