घोडीची वेळ आणि घोडीचा दम

रविवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर, शहरातली माझी खोली.

कन्नडजवळच्या शर्यतीत आज दादाची घोडी शेवटून दुसरी आली. चूक माझी. सरावात तिची वेळ सगळ्यांत कमी होती, म्हणून मीच म्हणालो, "सुरुवातीपासून पळव." पण सरावात प्रत्येक घोडी एकेकटीच पळाली होती. आज बाजूला दुसरी घोडी आली, ही तिच्याशी भिडली आणि अर्ध्यातच दम गेला. त्यात दुष्काळानं टणक झालेली जमीन. दादा उतरला तेव्हा तिची मान थरथरत होती. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलंच व्हतं."

मग माझं ऐकलं कशाला? मी शहरात शिकलो म्हणून? ती थरथरती मान डोळ्यांसमोरून हलत नाही. शेवटी दादाला फोन केला.

"घोडी पाणी प्याली का?"

"प्याली. तू जेवला का नाय?"