आतून तोडलेला थोर

३ मार्च, सोमवार
अखेर मनासारखी बदली झाली! शाळा जिंतूरच्या अलीकडे आणि राहायला माळावर दोन खोल्यांचं टुमदार घर. भोवती पुरुषभर उंच थोराचं काटेरी कुंपण, जायला-यायला एकच फट. मालकीण मालनबाई गावात राहतात. चहाचा थर्मास घेऊन आल्या. रविवारी सुगत ताडकळसहून आमच्या मितूला घेऊन येतोय. चार वर्षांच्या पोरीला एवढं मोकळं अंगण! मला तर आत्तापासूनच धीर निघेना.

४ मार्च, मंगळवार
फटीतून स्कूटी काही जाईना. थोर जरा छाटते म्हटलं, तर मालनबाई म्हणाल्या, "ताई, छाटायचं तर बाहीर उभं राहून छाटा. आतून तोडलं की त्याला वाटतंय, तुमी सोडून जायलाव." मला हसू आवरेना. विज्ञान शिकवणारी बाई मी! त्या गेल्यावर ओढणी खोचली आणि आतूनच कोयता चालवला. फट चांगली ऐसपैस झाली.

५ मार्च, बुधवार
सकाळी फट पुन्हा अरुंद. कापल्या जागी कोवळे कोंब, काट्यांसकट. थोर चिवट असतो हे मुलांना मीच सांगते, पण इतका? अंग चोरून निघाले तरी कुर्ता फाटला. परत येताना मात्र काही अडलं नाही.

८ मार्च, शनिवार
सकाळची शाळा करून सहज आत आले. संध्याकाळी सुगतला फोन करायला निघाले – रेंज फक्त रस्त्यावर – तर फट नाहीच. चहूकडे थोर. तोडावा तितका अंगणात पुढे सरकतोय. चीक डोळ्यांत उडाला, नुसती आग. ओरडून घसा बसला. माळावर ऐकणार कोण? मला भीती वाटतेय. उद्या ते दोघं येतील. येऊ नयेत.

९ मार्च, रविवार
काटे उंबऱ्याशी आलेत. धूसर दिसतंय, ओळ सापडत नाही –

मोटारसायकल थांबली. मितू हाका मारतेय. माझा आवाजच फुटत नाही –

कुंपणात फट पडली. माझ्यासाठी नाही. खाली, तिच्या उंचीची –

सुगत, पान दगडाला बांधून फेकते. आत येऊ नका. तिला उचलून घे, खाली सोडू नकोस, ती पळत –